वर्गात टीव्ही आला, पण मुलं नुसती बघत बसतात. त्यांच्या हाताला काम कसं द्यायचं?

माणदेशी_बाई

नमस्कार मंडळी. मी माण तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत सहावी-सातवीला शिकवते. दोन्ही वर्ग एकाच खोलीत, मिळून पट ३१. दिवाळीनंतर गावानं लोकवर्गणी काढून शाळेला ४३ इंची टीव्ही आणि एक लॅपटॉप दिला. ज्या घरात दोन शेळ्यांवर संसार चालतो, त्या घरानंही पन्नास रुपये दिले. म्हणून या टीव्हीचं मला ओझं वाटतं. तो नुसता भिंतीवर राहून चालणार नाही.

पहिले पंधरा दिवस फार छान गेले. मग पचनसंस्थेचा अकरा मिनिटांचा व्हिडिओ दाखवला. वर्ग इतका शांत की बाहेर हापश्याचा आवाज ऐकू येत होता. मी खूश. संपल्यावर विचारलं, "लहान आतड्यात काय होतं?" बराच वेळ कुणी बोललं नाही. शेवटी एक मुलगा उठला आणि म्हणाला, "बाई, तिथं निळा रंग होता."

त्या दिवसापासून झोप नाही. मुलांना फक्त बघायला न लावता काही करायला, ठरवायला, चुकायला लावणारं असं या साधनांवर काय करता येईल? माझ्याकडे एक टीव्ही, एक लॅपटॉप, माझा स्वतःचा फोन. नेट फक्त खिडकीपाशी येतं. मुलांकडे एकही यंत्र नाही. ज्यांनी वर्गात प्रत्यक्ष करून पाहिलंय त्यांनी कृपया लिहा.

सुगरणीचा_खोपा

"तिथं निळा रंग होता" वाचून पोटात कालवलं. माझ्याही वर्गात हेच होतं, फक्त मी कधी विचारायचं धाडस केलं नाही. वाचते आहे, कुणीतरी सविस्तर लिहा.

खडूफळा

बाई, रोखठोक लिहितो, राग मानू नका. सव्वीस वर्षं शिकवतोय. टीव्ही बंद करा. पचनसंस्था शिकवायची तर भाकरीचा तुकडा प्रत्येकाला द्या आणि गिळू नका, दोन मिनिटं चावत राहा म्हणा. गोड लागायला लागली की विचारा का. लाळेत काय आहे ते मुलं स्वतः विचारतील. हाताला काम हवं असेल तर ते हातानंच द्यावं लागतं, पडद्यावर बोट फिरवणं म्हणजे काम नव्हे.

दोन_अधिक_दोन

खडूफळा सर, भाकरीचा प्रयोग झकास आहे, मीही करतो. पण टीव्ही बंद करा याला माझा विरोध आहे, आणि तो अनुभवातून आहे.

बाई, तुमच्यासारखीच परिस्थिती होती तेव्हा मी प्लिकर्स नावाचं फोनवरचं ॲप वापरायला लागलो. यात मुलांना यंत्र लागत नाही. प्रत्येक मुलाला कागदाचं एक कार्ड मिळतं, त्यावर क्यूआर कोडसारखी काळी-पांढरी चौकोनी नक्षी असते. कार्डाच्या चार बाजू म्हणजे चार पर्याय. मुलाला जे उत्तर वाटतं ती बाजू वर करून कार्ड धरायचं. तुम्ही फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवायचा, कुणाचं उत्तर काय ते लगेच फोनवर येतं आणि पडद्यावर एकूण चित्र दाखवता येतं. प्रत्येक कार्डाची नक्षी वेगळी आणि अक्षरं बारीक, त्यामुळे शेजाऱ्याचं बघून काही कळत नाही.

माझ्या वर्गात एक मुलगी आहे. पाचवीपासून तिनं वर्गात तोंड उघडलेलं मी पाहिलं नव्हतं. पहिल्याच दिवशी दशांश अपूर्णांकांचा प्रश्न टाकला, ०.४५ मोठा की ०.६? वर्गातल्या बऱ्याच मुलांनी ०.४५ धरलं, कारण पंचेचाळीस सहापेक्षा मोठे. त्या मुलीचं कार्ड बरोबर होतं. मी नाव घेतलं नाही, फक्त म्हणालो की सहा जणांना वेगळं वाटतंय, त्यांचं ऐकू या का? ती आपणहून उठली आणि म्हणाली, "०.६ म्हणजे साठ पैसे, ०.४५ म्हणजे पंचेचाळीस." फळ्यावर मी अर्धा तास घालवला असता ते तिनं एका वाक्यात केलं.

एक व्यवहारातली गोष्ट: कार्डं लॅमिनेट करणार असाल तर चकचकीत करू नका. उजेड चमकतो आणि कॅमेऱ्याला नक्षी दिसत नाही. जाड पुठ्ठ्यावर साधी छपाई चिकटवली तरी वर्षभर टिकते.

माणदेशी_बाई

दोन_अधिक_दोन सर, हे तर मला उद्याच करता येईल! नेट लागतं का याला?

दोन_अधिक_दोन

लागतं, पण थोडं. माझ्या शाळेत फोनचं हॉटस्पॉट पुरतं. तुमच्याकडे नेट खिडकीपाशी येतं ना, मग फोन खिडकीत ठेवून चालणार नाही, तो तर वर्गावर फिरवायचा आहे. मुलांनाच खिडकीकडे तोंड करून बसवा :)

आजोबा_सांगलीकर

निवृत्त केंद्रप्रमुख. हा धागा वाचून १९८४ सालात गेलो. पुण्यात मुलांसाठी शैक्षणिक कार्यक्रम करणारी बालचित्रवाणी सुरू झाली ते वर्ष. सकाळी दूरदर्शनवर ती धून लागली की आमच्या शाळेतली मुलं कार्यालयाच्या दारात गोळा व्हायची. कार्यक्रम मेहनतीनं केलेले असायचे. त्याआधी १९७५-७६ मध्ये साईट प्रयोग झाला होता. अमेरिकेच्या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० गावांत थेट दूरचित्रवाणी पोचवली होती, मुलांसाठी विज्ञानाचे पाठ होते. आपलं राज्य त्यात नव्हतं, पण त्याविषयी आम्ही प्रशिक्षणात खूप ऐकलं.

तेव्हाही अडचण तीच होती जी बाईंनी लिहिली आहे. टीव्ही बोलतो, मूल ऐकतं. कार्यक्रम संपल्यावर जो शिक्षक उठून प्रश्न विचारायचा, त्याच्या वर्गात काही उरायचं. माझ्या केंद्रात एक बाई होत्या. त्या कार्यक्रमाआधी फळ्यावर तीन प्रश्न लिहायच्या आणि मुलांकडून अंदाजाची उत्तरं वहीत लिहून घ्यायच्या. कार्यक्रम सुरू असताना मुलं आपलं उत्तर बरोबर आलं की मांडीवर थाप मारायची. त्या बाईंची मुलं आजही भेटतात, तेव्हा कार्यक्रमातलं सांगतात.

सुगरणीचा_खोपा

आजोबा, ती धून! वाचताक्षणी कानात वाजली.

झुळूक

माझ्याही! आमच्या घरी टीव्ही नव्हता, शेजारच्या काकूंकडे खिडकीतून बघायचो.

वाघूरकाठ

विज्ञान शिक्षक, जळगाव जिल्हा, आठवी ते दहावी. आजोबांनी सांगितलेल्या बाईंची पद्धत हीच खरी किल्ली आहे. आधी अंदाज, मग पडदा. आता जरा लांब लिहितो.

मी फेट वापरतो. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये हा प्रकल्प सुरू केला. त्यांना २००१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेलं. विज्ञान-गणिताची ही सादृश्यं (सिम्युलेशन, पडद्यावर करून बघायचे प्रयोग) म्हणजे व्हिडिओ नव्हेत. त्यात तारा जोडता येतात, वजनं ठेवता येतात, चुकवता येतं. सगळी फुकट आहेत आणि बरीच मराठीतही आहेत. बाईंसाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नवी सादृश्यं एकेक करून उतरवून ठेवता येतात आणि मग नेटशिवाय ब्राउझरमध्ये चालतात. तालुक्याला गेलात की दहा-बारा उतरवून आणा.

आता एकसर जोडणीचा तास कसा झाला ते सांगतो. आधी खडूफळा सरांच्याच रस्त्यानं गेलो: खरे सेल, खऱ्या तारा, टॉर्चचे दोन बल्ब. जोडायच्या आधी विचारलं, दोन बल्ब एकामागे एक लावले तर जास्त कोण पेटेल? बहुतेकांचे हात पहिल्या बल्बसाठी वर. कारण? "सर, वीज आधी त्याच्याकडे जाते, तो खाऊन टाकतो, उरलेली दुसऱ्याला." घरात जेवायला बसणाऱ्यांची रांग डोळ्यांसमोर ठेवून दिलेलं उत्तर होतं ते, आणि मला ते मनापासून आवडलं.

जोडलं. आणि नेमका पहिला बल्ब खरोखरच जरा जास्त पेटला! वर्गात जल्लोष. माझा घसा कोरडा. मग सुचलं की बाजारातले दोन बल्ब कधीच तंतोतंत सारखे नसतात. मी म्हणालो, बल्बांची जागा बदला. बदलली. आता दुसऱ्या जागेवरचा जास्त पेटला. म्हणजे जास्त उजेड जागेबरोबर राहिला नाही, बल्बाबरोबर गेला. एक मुलगा पुटपुटला, "मग पहिला खात नाही वाटतं."

तिथून पडद्यावर गेलो. फेटमध्ये दोन अगदी सारखे बल्ब जोडले. तारेतून इलेक्ट्रॉनचे निळे ठिपके चालताना दिसतात. पहिल्या बल्बाच्या आधी आणि दुसऱ्याच्या नंतर, दोन्हीकडे ठिपके त्याच गतीनं. एका मुलीनं पुढं येऊन पडद्यावर बोट ठेवलं आणि मोजायला लागली. दोन्हीकडे सारखेच आले. ती मागे वळून वर्गाला म्हणाली, "कुणी काही खात नाही, सगळे नुसते फिरतात." खऱ्या तारेत हे दिसणं शक्य नाही. आणि नुसतं पडद्यावर दाखवलं असतं, तर बल्बाची जागा बदलायची गोष्टच घडली नसती.

खडूफळा

वाघूरकाठ सर, हे मान्य. डोळ्यांना न दिसणारं दाखवायला पडदा हवा. मी मघाशी सरसकट लिहिलं ते मागे घेतो. मात्र आधी खरी वस्तू, हा माझा हट्ट कायम.

वाघूरकाठ

सर, त्या हट्टात मी तुमच्या बरोबर आहे. आणखी एक, सगळ्यांसाठी: फेटमध्ये सेलची दोन टोकं नुसत्या तारेनं जोडली की सेलला आग लागते. मुलांना ते भलतंच आवडतं. त्याच तासाला बजावून सांगा की घरच्या प्लगशी हा खेळ करायचा नाही. मी दरवेळी दोनदा सांगतो, आणि पालकसभेतही सांगतो.

कोनमापक

गणितवाल्यांसाठी जिओजिब्रा, भूमितीच्या आकृत्या काढून हलवून बघायचं सॉफ्टवेअर. ऑस्ट्रियातल्या मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये विद्यार्थी असताना केलेलं, शाळांना फुकट, लॅपटॉपवर उतरवलं की नेट लागत नाही. आठवीला शिरोलंब (शिरोबिंदूतून समोरच्या बाजूवर टाकलेला लंब) शिकवताना मी एकच लघुकोन त्रिकोण काढून ठेवतो, तिन्ही शिरोलंब आत एका बिंदूत मिळालेले. मग एका मुलाला बोलावून म्हणतो, हा शिरोबिंदू धर आणि वाट्टेल तिकडे ओढ. ओढता ओढता कोन काटकोन होतो तेव्हा तो बिंदू बरोबर कोपऱ्यात जाऊन बसतो, आणि विशालकोन झाला की त्रिकोणाबाहेर. मागच्या बाकावरून दरवर्षी कुणीतरी ओरडतंच, "सर, पळाला!" कंपास-पट्टीनं अशा वीस आकृत्या काढायला आठवडा गेला असता.

पण त्यानंतर वहीत एक विशालकोन त्रिकोण हातानं काढायला लावतोच. बाहेर शिरोलंब टाकताना पाया वाढवावा लागतो, ते कळणं हातातूनच येतं.

झुळूक

कुणी कहूत, तो प्रश्नमंजुषेचा ऑनलाइन खेळ, वापरतं का? माझी भाची शहरातल्या शाळेत आहे, ती त्याबद्दल भरभरून बोलते.

दोन_अधिक_दोन

नॉर्वेचं आहे ते. २०१३ पासून सगळीकडे पसरलं. मुलांकडे फोन किंवा टॅब लागतात. संगीत, घड्याळ, गुणफलक, वर्ग दणाणून जातो. मी एका कार्यशाळेत पाहिलं आणि मला एक खटकलं: वेगाला गुण. जो पटकन दाबतो तो वर. विचार करणारं मूल खालीच राहतं आणि तिसऱ्या प्रश्नापासून नुसतं काहीतरी दाबत सुटतं. वापरायचं तर वेळ भरपूर द्या, आणि प्रत्येक प्रश्नानंतर थांबून चर्चा करा. गुणफलक मागे पडला तरी चालेल.

उत्तरध्रुवाकडे

मी स्वीडनमध्ये राहते, मुलगा इथल्या शाळेत चौथीत. इथे उलटी चर्चा चालू आहे. २०२३ मध्ये सरकारनं शाळांत छापील पुस्तकं परत आणण्यासाठी पैसे दिले, आणि लहानग्यांच्या शाळांत डिजिटल साधनं सक्तीची करण्याचं धोरण मागे घेतलं. कॅरोलिन्स्का या इथल्या वैद्यकीय विद्यापीठाच्या तज्ज्ञांनीही त्या वर्षी पुस्तकांकडे वळायला सांगितलं होतं. इथे प्रत्येक मुलाकडे टॅब होता. प्रत्येक जण आपापल्या पडद्यात, शेजाऱ्याशी बोलणंच बंद.

बाई, तुमच्याकडे ३१ मुलांत एकच पडदा आहे ही मला कमतरता वाटत नाही. सगळ्यांना एकाच गोष्टीकडे बघून भांडावं लागतं. माझ्या मुलाच्या वर्गात ते भांडण हरवलं होतं.

सुगरणीचा_खोपा

उत्तरध्रुवाकडे ताई, हे वेगळंच सांगितलंत. इथे आम्ही टॅब नाही म्हणून रडतो.

वाघूरकाठ

ताईंच्या मुद्द्याला धरूनच: हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणारे एरिक माझूर १९९० च्या दशकात नेमकं हेच करत होते. प्रश्न टाकायचा, प्रत्येकानं एकट्यानं उत्तर द्यायचं, मग शेजाऱ्याला पटवायचं, मग पुन्हा मत द्यायचं. मत नोंदवायची बटणांची यंत्रं त्यात नंतर आली. दोन मतांमधल्या त्या दोन मिनिटांच्या वादात शिकणं होतं. प्लिकर्सनं हे सहज जमतं.

ओटीवरची_गोष्ट

मी भाषा शिकवते, रत्नागिरी जिल्ह्यात, द्विशिक्षकी शाळा. सगळं विज्ञान-गणितच चाललंय म्हणून लिहिते.

आपल्याकडच्या डिजिटल शिक्षणात रणजितसिंह डिसले गुरुजींचं नाव सगळ्यांना माहीत आहे. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या शाळेत त्यांनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडले, पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत कोड आले, २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला आणि दहा लाख डॉलरमधली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकी नऊ शिक्षकांना वाटली. मला त्यातून सुचलं ते असं: कोडामागे काय असावं हे मुलांनीच का ठरवू नये?

आम्ही गावातल्या विहिरींचा प्रकल्प केला. सात विहिरी. तिसरी-चौथीची मुलं तीन-तीनच्या गटानं माझा फोन घेऊन गेली, आणि प्रत्येक विहिरीविषयी गावातल्या एका म्हाताऱ्या माणसाला बोलतं केलं. ध्वनिमुद्रण, प्रत्येकी दोन मिनिटं. मग कोड तयार करून गावच्या हातानं काढलेल्या नकाशावर चिकटवले. फोन धरला की त्या विहिरीची गोष्ट ऐकू येते.

पहिल्या मुद्रणात नुसता वारा. दुसऱ्यात मुलगाच बोलतोय, आजी गप्प. आम्ही वर्गात ऐकलं आणि मुलांनीच नियम केले: प्रश्न विचारला की थांबायचं, "हो" किंवा "नाही" असं उत्तर येईल तो प्रश्न विचारायचा नाही. चौथीचा एक मुलगा आजीला म्हणाला, "विहीर खणली तेव्हा पाणी लागलं ते कुणी पहिलं बघितलं?" त्यावर ती आजी दोन मिनिटांच्या जागी नऊ मिनिटं बोलली. तिचा भाऊ आत होता, पायाला गार लागलं म्हणून ओरडला, आणि वरच्यांना वाटलं साप चावला. मुलांनी एकही शब्द कापू दिला नाही. पावसाळ्यात त्या आजी गेल्या. त्यांच्या मुलानं शाळेत येऊन नकाशासमोर उभं राहून आईचा आवाज ऐकला. मी वर्गाबाहेर जाऊन उभी राहिले.

झुळूक

काय लिहिलंत हो. शब्द नाहीत.

आजोबा_सांगलीकर

मुली, हे फार मोठं काम केलंस. त्या मुद्रणांच्या प्रती एकाहून जास्त ठिकाणी ठेव. फोन पडतात, बिघडतात.

ओटीवरची_गोष्ट

हो आजोबा, तीन ठिकाणी आहेत. ग्रामपंचायतीच्या संगणकावरही एक.

तळ्यातमळ्यात

या सगळ्यात विजेचं कुणी बोललं नाही. आमच्या शाळेचं बिल थकलं म्हणून दोन महिने जोडणी तोडली होती. टीव्हीवर फडकं टाकून ठेवलं होतं. विक्रेत्यानं "स्मार्ट" म्हणून दिलेल्या पॅकेजातली अर्धी सामग्री पासवर्डशिवाय उघडत नाही, आणि फोन केला की उचलत नाहीत. पालक विचारतात, गुरुजी, टीव्ही का बंद? काय सांगायचं?

कोनमापक

तळ्यातमळ्यात, पॅकेजातल्या सामग्रीचा नाद सोडा. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये, फेट, जिओजिब्रा आणि रात्रीचं आकाश दाखवणारं स्टेलॅरियम, हे सगळं फुकट आहे आणि एका पेनड्राइव्हवर मावतं. स्टेलॅरियममध्ये आपल्या गावाचे अक्षांश-रेखांश टाकून ठेवा. आज रात्री आठ वाजता पूर्वेला काय उगवणार ते मुलांनी दुपारी पडद्यावर बघायचं, रात्री अंगणात खरं बघायचं, सकाळी परिपाठात सांगायचं. वीज गेली तरी आकाश चालूच असतं. बिलाचं मात्र व्यवस्थापन समितीच्या सभेत लेखी मांडा, ठराव करून घ्या. तोंडी सांगितलेलं हवेत जातं.

माणदेशी_बाई

मंडळी, चार दिवस लिहिता आलं नाही, कारण करून बघत होते.

प्लिकर्सची कार्डं छापली, वह्यांच्या जुन्या पुठ्ठ्यांवर चिकटवली. पचनसंस्था पुन्हा घेतली. खडूफळा सर, आधी तुमची भाकरी. ज्वारीची, मुलांनी घरूनच आणली. दीड मिनिटानं एकीनं डोळे मोठे केले, मग सगळ्यांनी. मग प्रश्न टाकला: खाल्लेलं अन्न रक्तात मुख्यतः कुठे मिसळतं? तोंड, जठर, लहान आतडं, मोठं आतडं. पहिल्या वेळी १९ कार्डं जठरावर, लहान आतड्यावर फक्त चार. उत्तर सांगितलं नाही. शेजाऱ्याशी दोन मिनिटं बोला म्हणाले. खोलीत असा गलका झाला की चौथीच्या बाई दारात येऊन बघून गेल्या. दुसऱ्या मताला लहान आतडं ११.

मग तोच व्हिडिओ लावला, पण आवाज बंद करून, दर मिनिटाला थांबवत. सांगायचं मुलांनी. लहान आतड्यापाशी "निळा रंग"वाला मुलगा उठला. म्हणाला, "बाई, ही आतून गोधडीसारखी का आहे? इतक्या घड्या कशाला?" मी त्याला मोठ्या कागदाची घडी करायला लावली, काड्यापेटीच्या खोक्यात बसवायला लावली आणि मग उघडून जमिनीवर पसरायला लावली. तो कागदाकडे बघत बसला होता. मधली सुट्टी झाली तरी उठला नाही.

एक अडचण आहे. मागच्या रांगेतल्या मुलांची कार्डं फोन पकडत नाही. खोली लांबट आहे.

दोन_अधिक_दोन

बाई, छान केलंत! मागच्या रांगेसाठी कार्डं मोठी छापा, पूर्ण कागदावर एक. आणि कार्ड धरताना बोटं नक्षीवर येत नाहीत ना ते बघा, बहुतेक तेच असतं.

माणदेशी_बाई

बोटंच! आत्ता आठवलं, मागचे दोघं कार्ड मधोमध धरतात. उद्या कडेला धरायला शिकवते. आणि शनिवारी तालुक्याला जाऊन फेट उतरवून आणते. वाघूरकाठ सर, टॉर्चचे जुने बल्ब कुठे मिळतात हल्ली? इथल्या दुकानात सगळं एलईडी.

वाघूरकाठ

शाळांना प्रयोगसाहित्य पुरवणाऱ्या दुकानात मिळतात, होल्डरसकट. दोनच घेऊ नका, सहा घ्या. आणि त्यातले दोन थोडे वेगवेगळे पेटणारे मुद्दाम बाजूला काढून ठेवा.